कार्डावरचे नाव

पडघा, ता. भिवंडी
२ फेब्रुवारी १९९५

सौ. सुमतीबाई यांस,

तुमची माझी ओळख नाही. मी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. शाळेच्या मागे वीटभट्टी आहे. भट्टीवरच्या लोकांपैकी कोणाला लिहिता येत नाही, म्हणून त्यांची पत्रे मी लिहून देतो आणि आलेली वाचून दाखवतो. हे पत्र अनंता हिलम याच्या सांगण्यावरून आहे. त्याची बायको ठकी तुमच्याकडे घरे साफ करण्याच्या कामाला असते. तुमचा पत्ता त्याने एका छापील कागदावर जपून ठेवला होता, पण घड्यांवर अक्षरे गेली आहेत. पत्र पोचेल अशी आशा करतो.

ठकी संक्रांतीला दोन दिवस इथे येणार होती. आली नाही. निरोपही नाही. भट्टी सुरू झाली की अनंताला पावसाळ्यापर्यंत इथून हलता येत नाही, नाहीतर तो स्वतःच आला असता. त्याच्याबरोबर त्याचा भाऊ दादू आहे आणि मुलगी मनिषा. मनिषा माझ्या शाळेत तिसरीत बसते.

त्याचे शब्द असे: "बाईंना सांगा, लई काम असंल तर नका धाडू. पन ती बरी हाय येवढं कळवा. पोरगी रोज इचारते, मी रोज उद्या म्हनतो."

उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवावे.

आपला,
प्रभाकर साळवी


नवीन पनवेल
९ फेब्रुवारी १९९५

श्री. प्रभाकर गुरुजी यांस,

पत्र पोचले. संक्रांतीला मी इथे नव्हते. माझे यजमान २८ डिसेंबरला वारले. दिवसकार्य त्यांच्या गावी, मोऱ्याला केले आणि पुढे महिनाभर मी सासूबाईंजवळ राहिले. ३० जानेवारीला परत आले. तुमच्या पाकिटावर 'सौ.' होते. तुम्हाला ठाऊक असण्याचे कारण नाही, म्हणून वाईट वाटून घेऊ नये. पुढच्या वेळी नुसते नाव लिहावे.

माझा घरसफाईचा व्यवसाय सहा वर्षांचा आहे. इकडे नव्या इमारती होतात. ताबा मिळाला की घरात रंगाचे आणि सिमेंटचे डाग असतात, फरशी पांढरी झालेली असते. माझ्या बायका ब्लेडने डाग खरवडून, घर धुऊन, काचा पुसून देतात. माणसे राहायला आली की पुढे आठवड्याचे काम लागते. ठकी सोडून अकरा बायका आहेत. मी नव्हते तेव्हा माझा पुतण्या सुभाष सगळे पाहत होता.

ठकीबद्दल मी त्याला विचारले. तो म्हणाला, ५ जानेवारीपासून ती आलेली नाही, भट्टीवर नवऱ्याकडे गेली असेल. मलाही तसेच वाटले होते. खरे सांगायचे तर मी थोडी रागावले होते, कारण न सांगता जायची तिची सवय नाही आणि तिच्याकडची घरे दुसऱ्यांना वाटून द्यावी लागली. ती आमच्या सामानाच्या खोलीत राहत असे. तिचे गाठोडे तिथेच आहे. ते मी नीट बांधून वर फळीवर ठेवले आहे. ती आली की घेऊन जाईल.

तुमच्याकडे नाही म्हणता, तर मग वाडीवर गेली असेल. कर्नाळ्याच्या पायथ्याला टेंभीची वाडी, असे ती सांगत असे. तिकडे चौकशी करावी. मनिषाला आशीर्वाद.

सुमती घरत


पडघा
१६ फेब्रुवारी १९९५

श्रीमती सुमतीबाई यांस,

तुमच्या यजमानांचे वाचून वाईट वाटले. माझ्या हातून चूक झाली, क्षमा असावी.

पत्र अनंताला वाचून दाखवले. टेंभीच्या वाडीतली सहा घरे याच भट्टीवर आहेत आणि परवाच वाडीहून एकजण इथे आला. ठकी तिकडे नाही. दिवाळीनंतर तिला तिथे कोणी पाहिलेले नाही.

गाठोड्याचे वाचले तेव्हा अनंताने मला थांबवले आणि ते वाक्य परत वाचायला लावले. म्हणाला, "गाठोडं ठेवून ती कुटंच जानार नाय. त्यात तिच्या आईचं लुगडं हाय. बाईंना म्हनावं, हुडका."

इथे आता वेगळेच बोलणे सुरू झाले आहे. पनवेलला बांधकामे पुष्कळ, गवंडी पुष्कळ, एखाद्याबरोबर गेली असेल, असे बायका विहिरीवर म्हणतात. दादूने ते येऊन अनंताला सांगितले. तो हसला. म्हणाला, "पळायची असती तर लगीन झाल्यावर पयल्याच पावसात पळाली असती. घरात खायाला काय नव्हतं, वर मला ताप. आता कमावती झाल्यावर पळंल व्हय?" पण मनिषाला शाळेत मुले तुझी आई पळाली म्हणतात, तेव्हा ती पाटी उचलून बाहेर जाऊन बसते. शिमग्याला वाडीत पंच बसतात. तोपर्यंत ठकीचा पत्ता लागला नाही, तर ती गेली असे धरून तिला जातीबाहेर काढतील, आणि पोरीला उद्या त्याच नावाने ओळखतील. अनंताला झोप लागत नाही ती यामुळे.

यापुढचे मी माझे म्हणून लिहितो, त्याला वाचून दाखवलेले नाही. या लोकांत असे प्रकार होतात. अनंता भला माणूस आहे, त्यामुळे त्याला खरे वाटत नाही. तुमच्या कानावर काही आले असेल तर स्पष्ट कळवावे, म्हणजे त्याला समजावता येईल.

प्रभाकर साळवी


नवीन पनवेल
२५ फेब्रुवारी १९९५

श्री. गुरुजी यांस,

हे पत्र लिहायला चार दिवस लागले.

तुमचे पत्र आले त्या दिवशी मी सुभाषला पुन्हा विचारले. तो जेवत होता. ताट सारून उठला आणि म्हणाला, "काकी, तुम्ही सुतकात होतात, तुम्हाला काय सांगायचं?" त्याहून जास्त बोलेना. मग मी स्वतः खांदा कॉलनीत गेले. ५ जानेवारीला ठकी ज्या घरी कामाला होती, ते घर चंद्रावतीबाईंचे. तिसरा मजला आहे. त्यांनी मला आत बसवले आणि म्हणाल्या, तुम्ही याल म्हणून मी रोज वाट पाहत होते.

ठकी त्या दिवशी काचा पुसत होती. बाहेरची बाजू पुसायला आमच्या बायका खिडकीतून छज्ज्यावर उतरतात. एकीने बाहेर उभे राहायचे आणि दुसरीने आतून तिचा हात धरायचा, असा आमचा नियम आहे. त्या दिवशी ती एकटीच होती. संक्रांतीच्या आधी मागणी फार असते, सुभाषने बायका एकेक करून पाठवल्या. त्याला दोष देताना मला हेही लिहिले पाहिजे, की मागच्या दिवाळीत मीसुद्धा तसेच पाठवले होते आणि काही झाले नाही, म्हणून त्याला ते चालते असे वाटले.

छज्जा फिनेलच्या पाण्याने ओला होता. ती पडली. चंद्रावतीबाईंनी आणि शेजाऱ्यांनी तिला रिक्षाने दवाखान्यात नेले. ७ तारखेला पहाटे ती गेली.

अनंताला का कळले नाही, ते आता लिहिते. दवाखान्याच्या वहीत तिचे नाव सुनिता म्हात्रे असे आहे. ते तिच्या कमरेच्या पिशवीतल्या कार्डावरून लिहिले. कार्ड मी दिलेले, त्यावर माझी सही आणि शिक्का आहे.

व्यवसाय सुरू केला त्या वर्षी मी ठकीला एका घरी पाठवले. घरच्या बाईंनी विचारले, कोण गं तू? तिने सांगितले, ठकी, कातकऱ्याची. त्यांनी तिच्याकडून जिना आणि संडास धुऊन घेतला, पण स्वयंपाकघरात येऊ दिले नाही. मला निरोप पाठवला, आत चालेल अशी बाई द्या. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या इमारतीत मी तिलाच पाठवले, सुनिता म्हात्रे म्हणून. म्हात्रे हे माझे माहेरचे, आम्हा आगऱ्यांतले नाव. माझ्या गावची आहे, असे सांगितले. तिथे तिने ओटा घासला, डबे पुसले, देवाची उपकरणीसुद्धा घासली. कोणी काही म्हटले नाही. मग तेच नाव राहिले. पुढे भीमाबाई आणि गुणाबाई आल्या, त्याही कातकरी आहेत. त्यांनाही मी अशीच कार्डे दिली. मला त्यात वाईट काही वाटत नव्हते. त्यांना काम मिळत होते.

पोलिसांनी सुभाषला विचारले, हिचे कोणी आहे का. तो म्हणाला, कार्डावर आहे तेवढेच माहीत आहे. खरे नाव सांगितले असते तर ही बातमी सगळ्या घरांत गेली असती आणि मी परत येईपर्यंत धंदा बसला असता, असे त्याचे म्हणणे. सुनिता म्हात्रेला घ्यायला कोणी आले नाही. आठ दिवस ठेवून तिला बेवारस म्हणून नेले. कुठे, ते मी विचारले. दहनभूमी सांगितली. मी जाऊन आले. तिथे दाखवण्यासारखे काही नाही.

त्याच दिवसांत मी माझ्या यजमानांसाठी मोऱ्याला बसले होते. गावातली सगळी माणसे येऊन भेटून जात होती.

गुरुजी, आता विनंती. हे पत्र अनंताला वाचून दाखवू नये. ताप येऊन दवाखान्यात गेली, आम्ही सगळे होतो, नीट केले, एवढेच त्याला सांगावे. नावाचे कळून त्याला दुःखाशिवाय काही मिळणार नाही. आणि माझ्या अकरा बायकांचे पोट या कामावर आहे.

सुमती घरत


पडघा
२ मार्च १९९५

श्रीमती सुमतीबाई यांस,

तुमची विनंती पत्राच्या शेवटी होती. मी ती वाचली तेव्हा बाकीचे सगळे वाचून झाले होते.

मी आलेले पत्र ज्याचे त्याच्यासमोरच फोडतो आणि लगेच मोठ्याने वाचतो. मागे एकदा मी आधी फोडले, तर मास्तरने आतले काही गाळले असे भट्टीवर बोलले गेले होते. तेव्हापासून हा नियम केला. मी तो तुम्हाला आधीच कळवायला हवा होता, कळवला नाही. त्या दिवशी अनंता, दादू आणि वाडीची पंधरा-वीस माणसे कच्च्या विटांच्या ओळींमध्ये बसली होती. पहिल्या पानावरच मला समजले की हे पत्र तसे वाचायचे नाही. पण थांबलो असतो तर का थांबलो ते सांगावे लागले असते. मनिषाला मी शाळेत पाणी भरायला पाठवले. ती अर्ध्यातूनच परत आली होती, हे मला नंतर दिसले.

शेवटची विनंतीही मी वाचली. गाळायचे कसे ते सुचले नाही.

अनंता दादूकडे वळून म्हणाला, "म्हंजे पळाली नाय."

त्याच्या तोंडावर तेव्हा जे होते त्याला मी समाधानच म्हणेन. ते पाहून मला माझ्या मागच्या पत्रातल्या ओळी आठवल्या. त्या तुम्ही फाडून टाकाव्यात. दुःख त्याला नंतर झाले. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, पण विटेचा साचा उलटा घालून तसाच बसला होता. दादूने त्याला उठवून नेले.

आता त्याचे सांगणे लिहितो. शिमग्याला, १६ तारखेला पंच बसतील. पत्र पंचांना चालत नाही. पत्र कोणीही कोणाकडून लिहून घेईल, असे ते म्हणतात. तुम्ही वाडीवर यावे आणि तोंडाने सांगावे. आणि दवाखान्याच्या कागदावर तिचे नाव लावून आणावे. "म्हात्रे म्हनून आमच्यात कोनी मेलं नाय. मग दिवस कोनाचे घालू?" एवढेच तो म्हणाला. तुमच्याबद्दल वाईट बोलला नाही. बाकीचे बोलले, ते लिहीत नाही.

प्रभाकर साळवी


नवीन पनवेल
९ मार्च १९९५

श्री. गुरुजी यांस,

तुम्ही वाचून दाखवले ते बरे झाले की वाईट, हे मला अजून कळत नाही. राग नाही.

वाडीवर मी येईन, असे अनंताला सांगावे.

कागदाचे मी चौकीवर आणि कचेरीत विचारून आले. नाव बदलता येते. त्यासाठी खोटे नाव मीच दिले, असा जबाब मला द्यावा लागेल, आणि ज्यांच्या घरी ती पडली त्या बाईंची साक्ष लागेल की मेलेली बाई हीच. म्हणजे चंद्रावतीबाईंना सगळे सांगावे लागेल. त्या भल्या आहेत, पण त्यांच्या जिन्यावर सहा घरे माझ्याकडची आहेत. एका घरात कळले की सगळ्यांना कळेल.

जबाब द्यायला मी सोमवारी निघाले होते. भीमाबाई आणि गुणाबाई दारात बसल्या होत्या. त्यांना सुभाषकडून समजले होते. ठकीचे ऐकून दोघी आधी खूप रडल्या, कारण त्यांनाही तो ती भट्टीवर गेली असेच सांगत होता. मग भीमाबाई म्हणाली, "बाई, ठकी मेली, तिचं नाव तिला द्या. आमची नावं आमाला कशाला देता? आमी अजून जित्या हाव." गुणाबाईचा मोठा मुलगा आजारी असतो. ती नुसती माझ्या पायातल्या चपलेवर हात ठेवून बसली. मला बाहेर पडता आले नाही.

ठकीचे नाव सांगितले की लोक विचारणारच, आणखी कोण कोण आहेत. तेव्हा मी काय सांगू? खोटे सांगितले तर पुन्हा तेच झाले. खरे सांगितले तर या दोघी जातील. अजून मी काहीही केलेले नाही. यजमान असते तर त्यांना विचारले असते. त्यांना हे नावांचे माहीत होते. एकदा म्हणाले होते, बघ बुवा, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

अनंताला विचारून कळवावे. त्याने सांगितले तर मी जबाब देईन.

सुमती घरत


पडघा
१२ मार्च १९९५

श्रीमती सुमतीबाई यांस,

पत्र पोस्टाने वेळेत मिळणार नाही म्हणून मालाच्या गाडीवरच्या ओळखीच्या माणसाबरोबर पाठवत आहे.

अनंताला विचारले. भीमाबाईला तो ओळखतो, ती दुसऱ्या वाडीची आहे. तो म्हणाला, "त्यांचं नका सांगू. ठकीचं सांगा."

एकीचे सांगून दुसरीचे झाकता येणार नाही हे तुम्हाला आणि मला दिसते. कॉलनीतली घरे त्याने पाहिलेली नाहीत. मी त्याला ते समजावून सांगायला सुरुवात केली होती, मग थांबलो. त्याने जे सांगितले तेवढेच लिहितो. माझे मत तुम्ही विचारलेले नाही आणि मीही या प्रकरणात एकदा मत देऊन बसलो आहे.

१५ तारखेला अनंता, दादू आणि मनिषा दोन दिवसांची सुटी घेऊन वाडीवर जातील. मला परीक्षांमुळे येता येणार नाही. तिथे काय झाले ते कृपा करून मला कळवा.

प्रभाकर साळवी


नवीन पनवेल
२१ मार्च १९९५

श्री. गुरुजी यांस,

तुमची चिठ्ठी १३ तारखेला मिळाली. १४ला सकाळी मी चंद्रावतीबाईंकडे गेले आणि सगळे सांगितले. त्या पलंगावर बसून ऐकत होत्या. आधी म्हणाल्या, "म्हणजे देवघरात तीच?" मी हो म्हटले. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मला वाटले आता मला जायला सांगतील. बाहेर आल्या त्या साडी बदलून, पर्स घेऊन. म्हणाल्या, चला, कुठे सही करायची. रिक्षात त्यांनी त्या दिवशीचे बाकीचे मला सांगितले. पूर्वी सांगितले नव्हते. ते ऐकून मी ठरवले होते की हे आपल्यापाशीच ठेवायचे.

कागदावर आता नाव ठकी अनंता हिलम असे लागेल. मूळ प्रत यायला महिना जाईल, पण शिक्क्याची पोच मला मिळाली आहे.

चंद्रावतीबाईंनी कोणाला सांगितले नसावे. कचेरीतून बाहेर पडले असेल किंवा सुभाषच बोलला असेल. १५ला संध्याकाळपर्यंत चार घरांतून निरोप आले. बायकांची खरी नावे सांगा, मगच कामाला पाठवा. मी सांगितले, ठकीचे सांगितले आहे, बाकी कोणाचे सांगणार नाही. तेव्हा त्यांनी सगळ्याच बंद केल्या. कोण कुठली हे कळायला मार्ग नाही म्हटल्यावर आमच्या आगरी बायकासुद्धा नकोत, असे झाले. आज चंद्रावतीबाईंचे धरून तीन घरे उरली आहेत आणि बायका अकरा आहेत. आगरी बायका माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. भीमाबाई मात्र येऊन बोलून गेली. "नाव सांगितलं नाय आनि काम बी ऱ्हायलं नाय. मग सांगितलं असतं तर काय वायलं झालं असतं, बाई?" त्या दोघी पुढच्या आठवड्यात खाडीच्या बाजूला रेती काढायच्या कामावर जाणार आहेत. सुभाषला मी त्याच्या वडिलांकडे पाठवून दिले.

१६ला मी वाडीवर गेले. डांबरी रस्त्यापासून दोन तास चालावे लागते. अनंता वाडीवर असला की ठकी रविवारी तिथे येऊन सोमवारी कामावर हजर असे. ती कशी येत होती, हे मी सहा वर्षांत एकदाही विचारले नव्हते. गाठोडे मी बरोबर नेले होते. ते मनिषाने घेतले, उघडले नाही.

पंच पाचजण होते. त्यांनी सांगेपर्यंत ठकीसाठी कोणी रडायचे नव्हते. त्यांतल्या सगळ्यात वयस्कर माणसाने मला खाली बसायला जागा दाखवली. मी जे घडले ते पहिल्यापासून सांगितले. तुम्हाला लिहिले होते तसेच. नियम मोडल्याचेही सांगितले. एकाने विचारले, नाव बदललंत तवा तिला इचारलंत का. मी म्हटले, विचारले नाही, सांगितले. दुसऱ्याने विचारले, ती काय म्हणाली. मी म्हटले, ती म्हणाली, बरं. त्यावर मागून कोणीतरी हसले. पोच मी त्यांच्यापुढे ठेवली. कोणाला वाचता येत नव्हते, पण हातातून हातात फिरवून सगळ्यांनी पाहिली.

तेवढ्याने झाले असे मला वाटले. पण म्हातारा पंच म्हणाला, ही बाई धंदेवाली आहे, हिला कागद करता येतात. बायको खरंच कामावर होती कशावरून? गवंड्याबरोबर असताना पडली नसेल कशावरून? तेव्हा अनंता माझ्याकडे वळला.

"बाई, पडली तवा तिला कोनी हाक मारली का?"

मी म्हटले, हो. चंद्रावतीबाईंनी वरून, खिडकीतून.

"कोनत्या नावानं?"

मी म्हटले, सुनिता.

मग त्याने विचारले, "तिनं ओ दिली?"

मी आपल्यापाशी ठेवायचे ठरवले होते ते हेच. रिक्षात चंद्रावतीबाईंनी मला सांगितले, आणि सांगताना त्यांनी माझा हात धरला होता. नाही म्हटले असते तर तिथे कोणाला कळणार नव्हते. मी सांगितले. ओ दिली. खालून म्हणाली, "आले, बाई." आणि उठण्यासाठी हात जमिनीला टेकला.

अनंता पंचांना म्हणाला, "कामावरच व्हती."

म्हाताऱ्याने बाकीच्या चौघांकडे पाहिले, मग मागे उभ्या असलेल्या बायकांकडे पाहून मान हलवली, आणि तेव्हा त्या रडू लागल्या.

सुमती घरत